खाल्लेल्या पानांची बाग : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

पक्षी, फुलपाखरे आणि इतर लहानमोठे जीव वस्तीला येतील अशी घराभोवतीची बाग कशी करावी, या विषयावर मागील अंकात वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी बरीचशी सोलापूर शहर आणि परिसरातली आहेत. मी स्वतः अनेक वर्षे याच शहरातल्या काळ्या मातीत आणि मोजक्या पाण्यात बाग करत असल्यामुळे या वेळी तीच पत्रे उत्तरांसाठी घेतली आहेत. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : जुळे सोलापुरात आम्ही नुकतेच घर बांधले. समोर आणि पश्चिमेला मिळून साधारण सहाशे चौरस फूट जागा मोकळी आहे. बाग करून देणाऱ्यांनी मध्ये लॉन, कडेने पाम, पेव्हर ब्लॉकची वाट आणि कोपऱ्यात कारंजे असा आराखडा दिला आहे. आम्हाला मात्र पक्षी आणि फुलपाखरे यावीत असे वाटते. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते आणि बोअरचे पाणी जड आहे. काय लावावे आणि कसे?

उत्तर : आपल्याला मिळालेला आराखडा दिसायला नीटनेटका असेल, पण तो सोलापूरचा नाही. आपल्याकडे वर्षाला सरासरी साडेपाचशे ते सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला मोठा वाटा सप्टेंबरमध्ये येतो आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळिशीच्या पुढे जातो. अशा हवेत लॉन हिरवे ठेवायचे म्हणजे घरात पिण्याचे पाणी साठवून ठेवायचे आणि अंगणात ते ओतून द्यायचे, असा प्रकार होतो. एवढे करूनही सतत कापलेल्या त्या गवताला ना फूल येते ना बी धरते, त्यामुळे तिथे कोणाच्याही पोटाला काही मिळत नाही. लॉन आणि कारंजे या दोन्ही गोष्टी आराखड्यातून काढून टाकाव्यात आणि पेव्हर ब्लॉक दारापासून फाटकापर्यंतच्या वाटेपुरतेच ठेवावेत.

आता मूळ मुद्दा. फुलपाखरांची बाग म्हटली की बहुतेक जण रोपवाटिकेतून फुलझाडे आणतात. मधासाठी फुलपाखरू कोणत्याही सोयीच्या फुलावर येते आणि निघून जाते. ते मुक्काम करते ते आपल्या अळ्यांना खाता येईल असे पान जिथे असेल तिथे. प्रत्येक जातीचे असे पान ठरलेले असते आणि बाहेरून आणलेल्या शोभेच्या झाडांपैकी बहुतेकांची पाने आपल्याकडच्या फार थोड्या अळ्यांना चालतात. पक्ष्यांचेही गणित इथेच येऊन मिळते. चिमणी दाणे टिपते हे खरे, पण तिची पिल्ले सुरुवातीच्या दिवसांत अळ्या आणि किडे यांवरच वाढतात. शिंपी, दयाळ, चीरक, वेडा राघू हे तर कीटकांवरच जगणारे पक्षी. म्हणून बागेत काय लावायचे हे ठरवताना फुलाआधी पान पाहावे, आणि पाने खाल्ली गेली तर बाग बिघडली असे न समजता ती चालू लागली असे समजावे.

लागवडीआधी माती पाहावी. नव्या बांधकामाच्या जागेत वरवर काळी माती दिसत असली तरी खाली भरावाचा मुरूम, विटांचे तुकडे आणि सिमेंटचा गाळ असतो. दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डे घेऊन हा राडारोडा बाहेर काढावा आणि काळी माती, मुरूम व चांगले कुजलेले शेणखत समान प्रमाणात मिसळून ते भरावेत. निव्वळ काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि मुळे तोडते. जड पाण्यामुळे मातीवर पांढरा थर धरत असेल आणि लिंबाची पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडत असतील, तर झाडाला लोह मिळत नाही असे समजावे. चुनखडीच्या जमिनीत हे नेहमी घडते आणि त्यावर दरवर्षी शेणखत व पालापाचोळ्याचे खत देत राहणे हाच टिकाऊ उपाय आहे.

सहाशे चौरस फुटांत एकच झाड लावावे. पश्चिमेच्या बाजूला, घराच्या पायापासून जमेल तितके दूर, बेल किंवा बहावा यांपैकी एक. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसते, त्यामुळे पायालगत झाड आणि पाणी नको. बेल सिद्धेश्वराच्या गावात कोणालाही परका नाही. त्याच्या पानांवर लिंबाळी फुलपाखरू अंडी घालते. बहाव्यावर पिवळसर पांढऱ्या स्थलांतरी फुलपाखरांच्या अळ्या वाढतात आणि ऐन उन्हाळ्यात तो फुलतो. कंपाउंडच्या आत बोर लावण्याचा मोह होतो, कारण सोलापूर हा बोरांचाच मुलूख आहे आणि बुलबुलांना ते फळ अतिशय प्रिय आहे, पण घरात लहान मुले असतील तर काट्यांचा विचार करावा. उंबर, वड आणि पिंपळ पक्ष्यांना कितीही आवडत असले तरी एवढ्या जागेत लावू नयेत.

झाडाच्या पुढे झुडपांची एक दाट ओळ हवी, कारण लहान पक्षी उघड्यावर फार वेळ बसत नाहीत. या ओळीत अडुळसा, निर्गुडी, तरवड आणि कोरांटी घ्यावी. चारही आपल्या माळावरची, शेळीच्या तोंडातून वाचणारी किंवा वाचून पुन्हा फुटणारी झुडपे आहेत. अडुळशाच्या पांढऱ्या फुलांवर हिवाळ्यात जांभळा शिंजीर सकाळी हमखास येतो. तरवड जवळजवळ वर्षभर पिवळा फुललेला असतो आणि त्याच्या फुलांवर मोठे काळे भुंगे अंग थरथरवून पराग झाडून घेतात. तो आवाज तीन-चार हातांवरून ऐकू येतो. कोरांटी पावसाळा संपताना फुलते. मध्ये एखादी रुई आपोआप उगवली तर उपटू नये. शनिवारी मारुतीला वाहिली जाणारी हीच रुई बिबळ्या कडवा या नारिंगी फुलपाखराची जन्मभूमी आहे. तिचा विषारी चीक पचवून अळी स्वतःच कडू होते आणि म्हणून पक्षी त्या फुलपाखराला सहसा तोंड लावत नाहीत. तो चीक डोळ्यांत जाऊ नये एवढी काळजी मात्र मुलांना सांगून ठेवावी.

झुडपांच्या पायाशी तुळस, सब्जा, झेंडू आणि घोळ पुरेत. झेंडू एकेरी पाकळ्यांचा घ्यावा, कारण गच्च भरलेल्या दुहेरी फुलात माशीला मधापर्यंत पोहोचता येत नाही. तुळशीच्या मंजिऱ्या आपण रोज खुडतो. त्यातल्या निम्म्या ठेवल्या तर लहानशा फुलोरी माशा दिवसभर तिथे दिसतील.

पाण्यासाठी गच्चीचा उपयोग करावा. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर दहा मिलिमीटर पाऊस पडला तरी सुमारे नऊशे लिटर पाणी खाली येते. ते पन्हाळीच्या पाइपाने रस्त्यावर सोडण्याऐवजी पायापासून दूर, झुडपांच्या ओळीशेजारी केलेल्या उथळ चरात सोडावे. जमीन उघडी ठेवू नये. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात उसाचे पाचट सहज मिळते, त्याचा चार बोटे थर आळ्यांत घालावा. लागवड मे महिन्यात करू नये. जूनचा पहिला चांगला पाऊस झाल्यावर, आणि तो हुकला तर सप्टेंबरच्या पावसावर लावलेली रोपे पुढचा उन्हाळा पाहतात.

शेवटी एक कोपरा, पाच-सहा फुटांचा, मुद्दाम तसाच सोडावा. गळलेली पाने तिथे लोटावीत, एक वाळका ओंडका ठेवावा, हातभर जमीन पाचटाशिवाय कोरडी ठेवावी. ओंडक्यात भुंगा भोक पाडून घर करील, कोरड्या जमिनीत एकटी राहणारी माशी बीळ करील, पानांत सापसुरळी आणि भेक राहतील आणि सातभाईंचा गोंगाट करणारा थवा ती पाने उलथीपालथी करायला येईल. बाग करून देणाऱ्यांना हा कोपरा आवडणार नाही. त्यांना तो साफ करू देऊ नका.

एका गोष्टीबद्दल आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे निराशा नको. २०१५ साली महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर झालेले नीलवंत आपल्या बागेत येईल अशी अपेक्षा धरू नये. ते सह्याद्रीकडच्या ओल्या रानांचे आहे. आपल्या कोरड्या मुलखाची फुलपाखरे वेगळी आहेत आणि ती कमी देखणी नाहीत.

प्रश्न : माझ्या दारातल्या कढीपत्त्यावर आणि लिंबाच्या रोपावर हिरव्या जाड अळ्या पडल्या आहेत. आठ दिवसांत अर्धे झाड ओरबाडले. नातू म्हणतो मारू नकोस, फुलपाखरे होतील. शेजारीण म्हणते फवारणी कर. मी कोणाचे ऐकू? — एक आजी, साखर पेठ

उत्तर : आजी, या वेळी नातवाचे ऐकावे. या अळ्या लिंबाळी किंवा तिच्याच कुळातल्या मॉरमॉन फुलपाखराच्या आहेत. तुमच्या पत्रात हिरव्या अळ्यांचा उल्लेख आहे, म्हणजे त्या शेवटच्या अवस्थेत आल्या आहेत आणि खाणे लवकरच थांबणार आहे.

उद्या सकाळी नातवाला घेऊन झाडाजवळ बसा. कोवळ्या पानांच्या टोकाशी मोहरीपेक्षाही लहान, फिकट पिवळा, गोल मणी दिसला तर ते अंडे. त्याच्या शेजारी पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखे काही दिसेल, काळपट तपकिरी आणि मध्ये पांढरा पट्टा. ते हलले तर समजावे की ती लहान अळी आहे. पक्षी शीट समजून तिला सोडून देतात. मोठी झाल्यावर ती पानाच्या रंगाची हिरवी होते. तिला वाळक्या काडीने डोक्यामागे हळूच टोचले की तिथून दोन शिंगांसारखा मऊ, ओला अवयव बाहेर येतो आणि उग्र वास सुटतो. हा तिचा मुंग्यांना आणि शत्रूंना पळवण्याचा उपाय आहे. माणसाला त्याचा काही अपाय होत नाही. नातवाला एकदाच दाखवा, पुन्हा पुन्हा टोचू देऊ नका.

अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा सगळा प्रवास सुमारे महिन्याभराचा असतो. कढीपत्ता मुरलेला असेल तर एवढे खाल्ल्यावरही तो पुन्हा फुटतो, आणि खरे सांगायचे तर छाटल्यासारखा जोमाने फुटतो. लिंबाचे रोप मात्र फूट-दीड फुटाचेच असेल तर त्याला इतक्या अळ्या झेपणार नाहीत. त्यावर एक-दोन ठेवाव्यात आणि बाकीच्या पानासकट तोडून मोठ्या कढीपत्त्यावर किंवा जवळपासच्या बेलावर सोडाव्यात. आपल्याकडे शेताच्या बांधावर आणि पडीक काळ्या जमिनीत बावची उगवते, तिचीही पाने लिंबाळीच्या अळ्या आवडीने खातात.

फवारणीबद्दल शेजारणींना एवढेच सांगावे की कढीपत्ता आपल्या फोडणीत जातो. निंबोळी तेल निरुपद्रवी आहे असा समज आहे, पण तेही अळ्यांची वाढ थांबवतेच. फुलपाखरांच्या झाडावर ते मारू नये. आणि या सगळ्या अळ्यांची फुलपाखरे होणारही नाहीत. काही गांधीलमाश्या उचलतील, काही बुलबुल नेईल. ज्या झाडावर कोणी फवारत नाही तिथे ही राखण आपोआप होते, फक्त तिला यायला थोडे दिवस लागतात.

प्रश्न : मी नववीत शिकतो. आमच्या गुलाबाच्या पानांना कडेने अगदी गोल, कंपासने काढल्यासारखे काप पडले आहेत, पण अळी कुठेच दिसत नाही. हा कोणता रोग आहे?

उत्तर : तुझे निरीक्षण उत्तम आहे आणि ‘कंपासने काढल्यासारखे’ हे वर्णन वाचताच ओळख पटली. हा रोग नाही. पाने कापणारी एक माशी असते, मधमाशीच्याच नात्यातली, पण पोळे न करता एकटी राहणारी. ती पानाच्या कडेवर बसून जबड्याने गोल तुकडा कापते आणि पोटाखाली धरून उडून जाते. बांबूच्या पोकळीत किंवा भिंतीतल्या भोकात ती हे तुकडे गुंडाळून छोटी नळी करते, तीत पराग आणि मध भरते, वर एक अंडे घालते आणि पुन्हा गोल पानाचे झाकण लावते. सकाळी अकराच्या सुमारास, ऊन चढल्यावर, गुलाबाजवळ अर्धा तास शांत बसून पाहा. एका बाजूने गाठ असलेले, आतून पेन्सिलीएवढे पोकळ बांबूचे दहा-बारा तुकडे एकत्र बांधून सावलीत आडवे टांगलेस तर ती तुझ्याकडेच घर करण्याची शक्यता आहे. तुकडे टांगल्यावर हलवू नकोस.

प्रश्न : पक्ष्यांसाठी पाणी ठेवावे असे सगळे सांगतात, पण आमच्या गल्लीत मागच्या पावसाळ्यात डेंग्यूचे रुग्ण निघाले. पाणी ठेवणे बरोबर आहे का? — विजापूर रस्ता

उत्तर : बरोबर आहे, पण ते रोज किंवा फार तर एक दिवसाआड बदलले तरच. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडण्याच्या अवस्थेपर्यंत यायला आपल्या उष्ण हवेत साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. त्याआधी पाणी ओतून दिले की ती साखळी तुटते. यात एक बारकावा आहे जो बहुतेक जणांना ठाऊक नसतो. हा डास अंडी पाण्यात न घालता पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या भिंतीला चिकटवतो आणि ती कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. म्हणून नुसते पाणी बदलू नये, भांडे काथ्याने घासून घ्यावे. साबण लावू नये.

भांडे कुंभाराकडचे पसरट परळ असावे. पाणी दोन बोटांहून खोल नको आणि मधोमध एक खडबडीत दगड पाण्याच्या वर डोके काढून ठेवावा, कारण तहानलेल्या माशा गुळगुळीत काठावरून घसरून बुडतात. ते सावलीत, कमरेएवढ्या उंचीवर आणि झुडपापासून पाच-सहा फुटांवर ठेवावे. झुडपात दबा धरलेल्या मांजराला एका उडीत गाठता येऊ नये आणि पक्ष्याला मात्र एका झेपेत झुडूप गाठता यावे, एवढे अंतर. ओतलेले पाणी जिथे पडते तिथली ओली माती तशीच ठेवावी. उन्हाळ्याच्या दुपारी नर फुलपाखरे त्या चिखलातले क्षार शोषायला घोळक्याने बसतात.

आणखी एक विनंती. गप्पी मासे सोडलेल्या टाक्या धुताना ते मासे सिद्धेश्वर तलावात किंवा कंबर तलावात नेऊन सोडू नयेत. ते इथले नाहीत आणि तलावातल्या मूळच्या लहान माशांच्या व बेडकांच्या वाट्याला जातात.

प्रश्न : आम्ही होटगी रस्त्यावर तिसऱ्या मजल्यावर राहतो. गॅलरी दहा फूट बाय चार फूट, पश्चिमेकडची. चिमण्या याव्यात म्हणून तांदूळ आणि शेव टाकत होतो, पण येतात ती फक्त कबुतरे. सगळी गॅलरी घाण होते. काही उपाय आहे का?

उत्तर : शेव आजपासून बंद करावी; तेल आणि मीठ पक्ष्यांच्या उपयोगाचे नाही. दाणे पसरून टाकणेही बंद करावे. पसरलेल्या दाण्यांवर पारवे येतात, रात्री उंदीर येतात आणि पारव्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासावाटे जाऊन काही जणांना फुफ्फुसाचा चिवट आजार होतो. त्याऐवजी ज्वारीची दोन-तीन कणसे सुतळीने बांधून आडव्या दांडीला उलटी टांगावीत. मालदांडीची कणसे आपल्याकडे हिवाळ्याअखेर कोणीही शेतकरी आनंदाने देईल. चिमणी आणि मुनिया लोंबत्या कणसाला धरून दाणे टिपू शकतात, जड पारव्याला ते जमत नाही. पूर्वी अंगणात अशी कणसे टांगलेली असत आणि माळवदाच्या घरांत तुळयांच्या फटीत चिमण्यांना घरटी करायला जागाही असे. स्लॅबच्या घरांत ती फट उरलेली नाही, म्हणून लाकडी घरटे लावायचे असेल तर त्याचे भोक सव्वा इंचाचे ठेवावे. त्यातून चिमणी जाते, साळुंकी जात नाही. ते पश्चिमेच्या उन्हात लावू नये आणि पंख्याच्या वाऱ्यावर तर मुळीच नको. आपल्या गॅलरीत उत्तरेच्या आडभिंतीवर, छताखाली, जागा निघत असेल तर पाहावे.

पश्चिमेच्या गॅलरीत कुंड्यांचा निभाव लागणे अवघड असते. मार्च ते जून हिरवी जाळी लावावी. एका मोठ्या कुंडीत कढीपत्ता, दुसरीत तुळस, आणि जुन्या टबमध्ये घोळ व पानफुटी एवढे पुरे. घोळ आपण भाजीसाठी खुडावी आणि थोडी राखावी, कारण तिच्यावर एक मोठे गमतीचे फुलपाखरू अंडी घालते. त्याचा नर काळा, पंखांवर पांढरे ठळक गोल आणि त्यांच्या कडेला जांभळी झाक. मादी मात्र रुईवरच्या कडू बिबळ्या कडव्यासारखी हुबेहूब नारिंगी, जेणेकरून पक्ष्यांनी तिलाही कडू समजावे. पानफुटीच्या जाड पानात शिरून एक अळी आतला गर खात जाते आणि पान वरून पारदर्शक दिसू लागते. ते पान कुजले म्हणून फेकू नये.

प्रश्न : मला अशी बाग करायची आहे, पण सासूबाई म्हणतात की झुडपे वाढली की साप येणार. त्यांची भीती चुकीची आहे असे मी कसे समजावू?

उत्तर : त्यांची भीती चुकीची नाही, म्हणून ती उडवून लावू नये. आपल्या भागात नाग, घोणस, मण्यार आणि फुरसे हे चारही विषारी साप आहेत. पण साप फुलझाडांसाठी येत नाही. तो उंदरांसाठी, बेडकांसाठी आणि लपायच्या जागेसाठी येतो. सांडलेले धान्य, उघडा उकिरडा, भिंतीतली भगदाडे आणि घराला टेकून ठेवलेले दगड, फरशा व सरपण, या चार गोष्टी काढल्या तर सासूबाईंची निम्मी काळजी मिटेल. विशेषतः दगडांचा ढीग घरालगत कधीही करू नये. फुरशाला तो फार आवडतो. परदेशी बागांचे अनुकरण करून असे ढीग सुचवले जातात, पण आपल्याकडे घराजवळ ते नकोत. पालापाचोळ्याचा कोपरा कंपाउंडच्या टोकाला ठेवावा, घर आणि झुडपे यांच्यामध्ये तीन-चार फुटांची स्वच्छ पट्टी ठेवावी, सांडपाण्याच्या पाइपाला जाळी बसवावी आणि रात्री बागेत जाताना बॅटरी व बूट यांवाचून पाऊल टाकू नये. मण्यार रात्री घरात शिरून जमिनीवर झोपलेल्यांना चावते, तेव्हा खाटेवर, मच्छरदाणी नीट खोचून झोपणे हा बाग असो वा नसो, चांगला नियम आहे.

साप दिसला तर मारू नये आणि धरायलाही जाऊ नये. नजर ठेवून वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा जाणत्या सर्पमित्राला कळवावे. कोणाला चावलाच तर चिरा देणे, आवळून बांधणे, मंत्र-उतारा यांत एक मिनिटही घालवू नये. चावलेला भाग हलू न देता थेट प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्यावे.

सासूबाईंना बागेत सोबत घ्यावे. माझ्या अंगणात अंजिराच्या पानात शिंप्याने घरटे शिवले तेव्हा घरातल्या ज्येष्ठांचे मत एका दिवसात बदलले. त्या पक्ष्याने पानाच्या दोन कडा कापसाने आणि कोळिष्टकाने शिवल्या होत्या आणि मधला एक टाका चक्क लाल सुताचा होता, बहुधा मागल्या गल्लीतल्या यंत्रमागावरून उडालेल्या सुताचा. हे वाचून कोणी मुद्दाम दोरे टांगून ठेवू नयेत. लांब दोऱ्यात पिल्लांचे पाय अडकतात.

प्रश्न : नान्नजच्या बाजूला आमची अर्धा एकर जमीन आहे, नुसता माळ, मुरमाड. तिथे लहान घर बांधून आजूबाजूला दाट झाडी करायची आणि पक्ष्यांना आसरा द्यायचा असा विचार आहे. ग्लिरिसिडिया आणि सुबाभूळ लवकर वाढतात असे ऐकले. योग्य होईल का?

उत्तर : आपला हेतू चांगला आहे म्हणूनच स्पष्ट लिहितो. असे करू नका. ज्याला आपण नुसता माळ म्हणता ते एक भरलेले घर आहे. नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ साली जाहीर झाले ते झाडांसाठी नव्हे, तर उघड्या गवताळ माळासाठी आणि त्यावर जगणाऱ्या पक्ष्यासाठी. माळढोकाला, काळविटाला, चंडोळाला दूरवर दिसणारी मोकळी जमीन लागते. माळावर झाडी उभी केली की हे जीव सरकतात आणि त्यांच्या जागी शहरात कुठेही दिसणारे कावळे-साळुंक्या येतात. पक्ष्यांची संख्या वाढल्यासारखी वाटते, पण ज्यांना दुसरीकडे जागाच नाही तेच हद्दपार होतात. ग्लिरिसिडिया आणि सुबाभूळ दोन्ही मध्य अमेरिकेकडून आलेली झाडे आहेत. सुबाभूळ तर एकदा रुजली की बियांनी पसरत जाते आणि काढता निघत नाही.

घराच्या सावलीपुरती एक-दोन झाडे जरूर लावावीत, एखादी बोर, एखादा कडुनिंब. बाकी माळ तसाच राखावा. चराई दोन पावसाळे थांबवली तर पवन्या आणि शेड्यासारखी गवते आपोआप वर येतील, बी पेरावे लागणार नाही. गाजर गवत मात्र फुलावर येण्याआधी हातमोजे घालून उपटावे. गवत कापायचे ते बी गळून गेल्यावर, दिवाळीनंतर, आणि सगळे एकदम न कापता निम्मे एका वर्षी, निम्मे दुसऱ्या वर्षी. काट्याकुट्या पेटवून माळ जाळण्याची पद्धत कोणी सुचवली तर ऐकू नये. रात्री बाहेरचे दिवे बंद ठेवावेत; आवश्यकच असेल तेथे खाली तोंड असलेला मंद पिवळा दिवा लावावा.

घराचे बांधकाम उन्हाळ्यात सुरू करणार असाल तर एक काम आधी करा. मार्चपासून पावसाळ्यापर्यंत टिटवी अशाच मुरमाड जागेवर, घरटे म्हणावे असे काहीही न करता, खड्यांच्या रंगाची ठिपकेदार अंडी घालते, बहुतेक वेळा चार. ट्रॅक्टर आत घेण्यापूर्वी सकाळी लवकर सगळी जागा पायी फिरून पाहावी. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली तर जागीच थांबून पायाखाली बघावे, अंडी दिसली की पाच-सहा पावलांवर चारी बाजूंना चुन्याने पांढरे केलेले दगड ठेवावेत आणि मजुरांना सांगून सुमारे चार आठवडे तेवढा तुकडा सोडून काम करावे. पिल्ले अंड्यातून बाहेर पडली की काही तासांतच स्वतःच्या पायांनी तिथून निघून जातात. मग दगड उचलता येतील.